पारवा, उंदीर आणि श्वासांचा हिशेब

धान्याच्या कोठारात एकाच ढिगावर पोट भरणारे दोन जीव, उंदीर आणि पारवा, तराजूत घातले तर पारडी जवळजवळ समान राहतात. परंतु दोघांनाही पिंजऱ्यात घालून, दाणापाणी देऊन आणि मांजर व ससाणा यांच्यापासून दूर ठेवून जगविले, तर उंदीर फार तर 4 वर्षे काढतो आणि पारवा 35 वर्षांच्या घरात जाऊन पोहोचतो. माणूस मोजून दिलेले श्वास घेऊनच जन्मास येतो, ते उधळू नयेत, असे आमच्याकडील वडीलधारी मंडळी सांगत असत. आणि गंमत अशी की, जो प्राणी वेगाने जगतो तो लवकर आटोपतो, हा त्याच जातीचा सिद्धांत रेमंड पर्ल या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1928 साली ग्रंथरूपाने मांडला होता. पारव्याने मात्र हा हिशेब पार मोडून टाकला आहे, कारण प्राणवायू जाळण्यात तो उंदराला मुळीच हार जात नाही. मग एवढी वर्षे त्याच्या पदरात कोणी टाकली?

श्वासावाटे घेतलेला प्राणवायू फुप्फुसातही राहत नाही आणि रक्तातही राहत नाही. तो पेशींच्या आत असलेल्या तंतुकणिकांकडे, म्हणजे मायटोकाँड्रियांकडे, रवाना होतो आणि तेथेच त्याचा मुख्य खर्च पडतो. हृदयाच्या स्नायूपेशीत या कणिकांनी सुमारे एक तृतीयांश जागा व्यापलेली असते. दीडशे ते दोनशे कोटी वर्षांपूर्वी त्या स्वतंत्र जिवाणू होत्या व दुसऱ्या एका पेशीत शिरून तेथेच कायमच्या रहिवासी झाल्या, हे मत लिन मार्ग्युलिस यांनी 1967 साली मांडले, तेही तो निबंध अनेक नियतकालिकांकडून साभार परत आल्यानंतर. विलीन झालेल्या संस्थानिकाने मुलकी आणि फौजदारी सारा अंमल मध्यवर्ती सरकारच्या हवाली करावा आणि आपल्या जुन्या वाड्यात एक छोटेसे दप्तर तेवढे राखावे, तशी या कणिकांची आजची स्थिती आहे: बहुतेक सर्व जनुके पेशीच्या केंद्रकाकडे गेली आहेत, आणि माणसाच्या तंतुकणिकेपाशी केवळ 37 जनुकांचे, 16,569 अक्षरांचे दप्तर शिल्लक उरले आहे. ते अपत्याला आईकडूनच मिळते. बापाचा शिक्का त्यावर उमटत नाही.

या वाड्यात जो कारभार चालतो, तो मूळ स्वरूपात फार साधा आहे. भाकरीतून आणि वरणातून निघालेले इलेक्ट्रॉन आतल्या पातळ पटलात बसविलेल्या प्रथिनांवरून पायरीपायरीने खाली उतरतात, आणि अखेरच्या पायरीवर प्राणवायू त्यांना स्वीकारतो, ज्यातून पाणी तयार होते. उतरताना सुटलेली शक्ती कोणत्या रासायनिक पदार्थात साठविली जाते, याचा शोध मोठमोठ्या प्रयोगशाळा वर्षानुवर्षे करीत होत्या, आणि तो पदार्थ काही केल्या सापडत नव्हता. 1961 साली पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञाने सांगितले की असा पदार्थ नाहीच. ती शक्ती हायड्रोजनचे धनभारित कण पटलापलीकडे ढकलण्यात खर्च होते, धरणाच्या भिंतीआड पाणी तुंबावे तसे ते कण तेथे तुंबतात, आणि एका अरुंद दरवाजातून परत येताना काम करून जातात. विद्वानांनी या कल्पनेची यथेच्छ टर उडविली. पोटातील व्रणाने बेजार झालेल्या मिचेलने एडिंबरो येथील विद्यापीठाची नोकरी सोडली, कॉर्नवॉलमधील ग्लिन हाउस नावाचा एक पडका वाडा दुरुस्त करून घेतला, आणि तेथेच जेनिफर मॉयल या सहकारिणीसह खाजगी प्रयोगशाळा थाटून आपले म्हणणे सिद्ध करून दाखविले. 1978 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याला एकट्याला मिळाले.

धरणाची उपमा येथे केवळ शोभेची नाही. पटलाची जाडी मिलिमीटरच्या लक्षांशाहूनही कमी आणि त्यावरील दाब एका व्होल्टच्या सातव्या हिश्शाइतका. परंतु याच प्रमाणाने हिशेब केला तर मीटरमागे सुमारे 3 कोटी व्होल्ट भरतात. अरुंद दरवाजाशी एक प्रथिन खरोखरच पाणचक्कीसारखे फिरत असते, आणि 1997 साली जपानी संशोधकांनी त्याच्या दांड्याला चमकता तंतू जोडून ते सूक्ष्मदर्शकाखाली गरगरताना प्रत्यक्ष पाहिले. चक्कीच्या एका फेऱ्यात एटीपी या द्रव्याचे 3 रेणू तयार होतात. हे द्रव्य 1929 साली जर्मनीत लोमान यांना, आणि त्याच सुमारास अमेरिकेत फिस्क व भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना सापडले. पेशीच्या व्यवहारात चालणारे नाणे हेच. ते साठवून ठेवता येत नाही, म्हणून दिवसाकाठी माणूस जवळजवळ स्वतःच्या वजनाइतके एटीपी घडवितो आणि खर्च करतो.

आता गळतीकडे वळू. पायऱ्या उतरणारा एखादा इलेक्ट्रॉन मध्येच निसटतो, वाटेत भेटलेल्या प्राणवायूला चिकटतो आणि त्याचे मुक्त मूलक बनवितो, जे सापडेल त्या रेणूला चावा घेत सुटते. शेल कंपनीत रसायनशास्त्रज्ञ म्हणून काम केल्यानंतर वैद्यकाकडे वळलेल्या डेनहॅम हार्मन यांनी 1956 साली वार्धक्याचे खापर या मूलकांवर फोडले, आणि 1972 साली तंतुकणिकांना मुख्य आरोपी ठरविले. लोखंडाला गंज चढतो तसा देहालाही चढतो, हे कोणालाही पटण्यासारखे होते. आणि पटण्यासारख्या गोष्टीची बाटली करून विकणे बाजाराला कधीच जड गेलेले नाही. मूलकांना आवर घालणाऱ्या, म्हणजे अँटिऑक्सिडंट, गोळ्यांचा खप वाढत गेला. पुढे फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचा निकाल 1994 साली हाती आला, तेव्हा बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी अधिक आढळला.

म्हणजे हार्मन साफ चुकले काय? तसे मला वाटत नाही. माद्रिदचे गुस्ताव्हो बार्हा यांनी पारव्याच्या आणि उंदराच्या तंतुकणिका शेजारी शेजारी ठेवून गळती मोजली, तेव्हा पारव्याची गळती पुष्कळच कमी भरली. पारव्याने गंज पुसण्याची काही विशेष तजवीज केलेली नव्हती. त्याच्या मोऱ्याच कमी गळत होत्या. शिवाय गळती केव्हा वाढते हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. पोट भरलेले आहे, हातपाय स्वस्थ आहेत, एटीपीला मागणी नाही, धरण काठोकाठ भरले आहे आणि पायऱ्यांवर इलेक्ट्रॉन ताटकळत उभे आहेत, अशा निष्क्रिय समृद्धीतच ते अधिक निसटतात.

हाच वाडा पेशीच्या मृत्यूचे फर्मानही काढतो. गर्भातील बाळाची बोटे प्रथम पडद्याने जोडलेली असतात, आणि त्या पडद्यातील पेशी आपण होऊन मरतात म्हणूनच ती सुटी होतात. अशा शिस्तीच्या मरणाला 1972 साली पानगळीचा अर्थ असलेले एक ग्रीक नाव दिले गेले. 1996 साली अमेरिकेत शिआओदोंग वांग आणि त्यांचे सहकारी या मरणाचा हुकूम देणारे द्रव्य हुडकीत असता त्यांच्या हाती सायटोक्रोम सी लागले, म्हणजे इलेक्ट्रॉन वाहून नेणारा तोच तो जुना, इमानी हमाल! तो वाड्याच्या आत आहे तोवर पेशी जगते. भिंत फुटून तो बाहेर पडला की पेशीची मोडतोड सुरू होते.

वार्धक्याचे एक मर्म येथे आहे. 2004 साली स्वीडनमध्ये असे उंदीर निर्माण करण्यात आले की ज्यांच्या तंतुकणिकांतील दप्तराची नक्कल करणारा कारकून चुका तपासतच नव्हता. ते उंदीर अकाली म्हातारे झाले: केस पांढरे होऊन झडले, पाठीला बाक आला, हाडे ठिसूळ झाली आणि सुमारे वर्षभरात सारे संपले. त्यांच्यात गंजाच्या खुणा मात्र फारशा वाढलेल्या नव्हत्या. चुकांनी भरलेल्या दप्तरावर कारभार चालेनासा झाला होता आणि पेशी पानगळीप्रमाणे गळत होत्या. माणसात हृदयाच्या आणि मेंदूच्या पेशींची भरपाई जवळजवळ होत नाही, म्हणून तेथील नुकसान कायमचे बसते.

दुरुस्तीचा मार्ग अगदीच नाही असे नव्हे. जॉन हॉलोझी यांनी 1967 साली फिरत्या पट्ट्यावर उंदरांना काही आठवडे पळविले, तेव्हा त्यांच्या पायांच्या स्नायूंतील तंतुकणिकांची श्वसनक्षमता सुमारे दुप्पट झाली. श्रमाच्या वेळी सुटणारी थोडीशी मुक्त मूलकेच पेशीला नव्या कणिका उभारण्याची वर्दी देतात असे आता दिसते. आणि 2009 साली जर्मनीत 4 आठवड्यांच्या व्यायामाबरोबर क आणि ई या अँटिऑक्सिडंट जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या गेल्या, तेव्हा गोळ्या न घेणाऱ्यांची इन्सुलिनला दाद देण्याची शक्ती सुधारली, घेणाऱ्यांची सुधारली नाही. माझे एक स्नेही टेकडी चढून घामाघूम होऊन येतात आणि ओसरीवर टेकताच पहिली ती गोळी तोंडात टाकतात. निदान त्यांनी तरी ही हकीकत वाचावी.