बारा लाकडी शिपायांचे राज्य

या राज्याच्या पहिल्या फौजेत बारा शिपाई होते आणि बाराही लाकडाचे. १८२६ च्या जूनमध्ये यॉर्कशरमधल्या हॉवर्थ गावचे पाद्री पॅट्रिक ब्राँटे लीड्सला गेले होते. येताना त्यांनी मुलासाठी, ब्रॅनवेलसाठी, शिपायांची एक पेटी आणली. घरी पोहोचायला रात्र झाली. पोरे झोपली होती. सकाळी ब्रॅनवेल पेटी घेऊन बहिणींच्या दाराशी आला. दहा वर्षांच्या शार्लटने झडप घालून सगळ्यांत उंच आणि देखणा शिपाई उचलला. हा ड्यूक ऑफ वेलिंग्टन आणि हा माझा, असे तिने तिथल्या तिथे जाहीर करून टाकले. एमिलीने घेतलेला शिपाई चेहऱ्याने गंभीर, म्हणून तो ‘ग्रेव्ही’ झाला. धाकट्या ॲनच्या वाट्याला आलेला तिच्यासारखाच चिमुकला आणि विचित्र, तो ‘वेटिंग बॉय’. ब्रॅनवेलने बोनापार्ट घेतला. शार्लट वेलिंग्टन घेऊन बसल्यावर दुसरे घेण्यासारखे उरले तरी काय होते!

ही हकिगत शार्लटनेच तीन वर्षांनी, १८२९ च्या मार्चमध्ये लिहून ठेवली. त्या पेटीतून आधी ‘ग्लास टाउन’ नावाची वसाहत निघाली, तिचे ‘व्हर्डोपोलिस’ झाले, चार राजांचा संघ झाला आणि १८३४ मध्ये त्याच्या पूर्वेला ‘अँग्रिया’ नावाचे नवे राज्य उभे राहिले. राजे, मंत्रिमंडळ, संसद, मासिके, सरदारघराणी, तह, बंडे, कोर्टमार्शल असा सगळा संसार त्यात होता. ‘जेन एअर’ आणि ‘वुदरिंग हाइट्स’ लिहिणाऱ्या बहिणींचा बालपणीचा खेळ म्हणून चरित्रकार त्याची दखल घेतात आणि पुढे सरकतात. मला तो खेळ वाटत नाही. शार्लटची कादंबरी या राज्याच्या लष्करी खात्यात जन्माला आली असे माझे मत आहे, आणि त्या जन्माची किंमत ब्रॅनवेलने मोजली.

घर दगडी, समोर कबरस्तान, मागे माळरान. आई १८२१ मध्ये गेली. शाळेतून आजारी होऊन परतलेल्या मरिया आणि एलिझाबेथ या दोन थोरल्या बहिणी १८२५ च्या मे-जूनमध्ये, सहा आठवड्यांच्या आत गेल्या. उरलेल्या चौघांना सोबत होती ती छापील कागदाची. लीड्सची दोन वृत्तपत्रे घरी येत. ‘ब्लॅकवुड्स मॅगझिन’ एका ओळखीच्या गृहस्थांकडून वाचायला मिळे. सुरस अरबी कथा होत्या, गोल्डस्मिथचा भूगोल होता. वडील वेलिंग्टनचे निस्सीम भक्त आणि जेवणाच्या टेबलावर राजकारण बोलणारे. नेपोलियनची युद्धे संपून जेमतेम अकरा वर्षे झाली होती. असल्या घरात खेळातल्या शिपायांना नावे कुणाची मिळणार हे ठरलेलेच होते.

या वेलिंग्टनशी आपली ओळख फार जुनी आहे. १८०३ च्या ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला घेणारा, २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या मैदानावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव करणारा, नोव्हेंबरात अडगावला आणि डिसेंबरात गाविलगडावर तेच करणारा आर्थर वेलस्ली तो हाच. वॉटर्लू जिंकून झाल्यावरही, आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून तो असईचेच नाव घेत असे, असे त्याचे चरित्रकार सांगतात. म्हणजे हॉवर्थच्या पोरीने मुठीत धरलेल्या लाकडी पुतळ्याची कीर्ती निम्मी आपल्या पराभवावर उभी होती. ‘अँग्रिया’ या नावाशीही मराठी वाचक थबकेल, कारण इंग्रजी कागदपत्रांत आंग्र्यांना याच अक्षरांनी लिहीत. पण जर्मनीतल्या सॅक्सनांच्या एका जुन्या मुलखालाही हेच नाव होते, तेव्हा त्या नावावर पूल बांधू नये. असईचा धागा पक्का आहे, तो पुरे.

राज्य वसवले ते आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, नायजर नदीच्या मुखाशी. ‘ब्लॅकवुड्स’मध्ये १८२६ साली आफ्रिकेच्या अंतर्भागाविषयी नकाशासह लेख आला होता, नायजर समुद्राला कुठे मिळते हा तेव्हाचा गाजता वाद होता. ब्रॅनवेलने त्यावरून आपला नकाशा काढला. शत्रूही वृत्तपत्रांतून आयता आला. १८२४ मध्ये असांते सैन्याने ब्रिटिश गव्हर्नर सर चार्ल्स मॅकार्थी याचा लढाईत वध केला होता आणि ती बातमी इंग्लंडभर गाजली होती. मुलांच्या कथेत बारा इंग्रज वीर जहाजातून असांतेंच्या किनाऱ्यावर उतरतात, त्यांना हरवतात, त्यांच्या जमिनीवर काचेचे शहर उभारतात. असांते राजाचे नावही त्यांनी खऱ्या राजाच्या नावावरूनच घेतले. आठ-दहा वर्षांच्या मुलांना साम्राज्याचे तर्कशास्त्र इतके तोंडपाठ असावे, हे आज वाचताना अंगावर येते.

मात्र त्याच कथेत एक गोष्ट त्या तर्कशास्त्राबाहेरची आहे. मेलेल्या असांते राजाचा लहान मुलगा क्वाशिया याला ड्यूक आपल्या घरात आपल्या मुलांबरोबर वाढवतो. हा मुलगा मोठा होतो, उपकार झुगारतो आणि आपल्या लोकांची फौज घेऊन पालनकर्त्याच्या कुळावर उलटतो. लेखक त्याला खलनायक म्हणतात, तरी पुन्हा पुन्हा त्याच्याकडेच वळतात. रस्त्यावरून उचलून आणलेला, घरात वाढलेला आणि ते घर उद्ध्वस्त करायला परत आलेला ‘वुदरिंग हाइट्स’मधला हीथक्लिफ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना क्वाशिया परका वाटणार नाही.

या फौजेचा सर्वांत चमत्कारिक नियम युद्धशास्त्राच्या कुठल्याही ग्रंथात सापडणार नाही. चारही भावंडे या जगातले जिन होती. टॅली, ब्रॅनी, एमी आणि ॲनी. रणात पडलेल्या शिपायाला जिवंत करण्याचा अधिकार जिनांना होता आणि तो सर्रास वापरला जाई. सकाळच्या लढाईत कापले गेलेले सेनापती संध्याकाळी मेजवानीला हजर. लाकडी शिपाई बाराच असले की दुसरा उपायही नसतो. पण एक वर्षापूर्वी ज्या घरातून दोन बहिणी गेल्या त्या घरात हा नियम कसा लागला असेल, हे मी वाचकावर सोडतो.

शिपायांच्या उंचीला शोभतील अशी पुस्तकेही झाली. ब्रॅनवेलने १८२९ मध्ये ‘ब्लॅकवुड्स’च्या थाटाचे मासिक सुरू केले आणि काही महिन्यांतच ते शार्लटने हाती घेऊन ‘यंग मेन्स मॅगझिन’ केले. पान साधारण ३५ मिलिमीटर रुंद आणि ६१ मिलिमीटर उंच, काडेपेटीच्या आतबाहेरचे. एका वीस पानी अंकात चार हजारांवर शब्द. अक्षर छापल्यासारखे आणि इतके बारीक की भिंगाशिवाय लागत नाही. मोठ्यांच्या डोळ्यांपासून बचावाची ही उत्तम तटबंदी होती. शिपाईच इतिहासकार, शिपाईच कवी, शिपाईच एकमेकांचे टीकाकार. कॅप्टन जॉन बड या नावाने ब्रॅनवेलने १८३० च्या डिसेंबरात या वसाहतीचा सविस्तर इतिहास लिहायला घेतला. तेरा वर्षांचा मुलगा सैन्याची रचना, मोहिमांचा क्रम, तहांची कलमे एखाद्या निवृत्त कर्नलच्या गांभीर्याने सांगतो. त्याला इतिहास कळत होता. माणसे कळत नव्हती, असे मी म्हणेन, पण ते नंतर.

अँग्रियाचा राजा झामोर्ना. वेलिंग्टनचा थोरला मुलगा, फ्रेंच आणि असांते यांच्याविरुद्धच्या मोहिमा जिंकून त्याने हा मुलूख बक्षीस मिळवला. राजधानी कलाबार नदीवरचे एड्रियनोपोलिस, ध्वजावर उगवता सूर्य. सेनापती फर्नांडो डी एनारा हा इटालियन, त्याला ‘वाघ’ म्हणत. जनरल थॉर्नटन मात्र अस्सल यॉर्कशर बोलीत हुकूम सोडतो. वॉर्नर हॉवर्ड वॉर्नर हा नाजूक चणीचा जमीनदार. त्याच्या शब्दावर हजारो कुळे शस्त्र उचलतात. खडी फौज थोडी आणि जमीनदारांनी आपापल्या इलाख्यातून आणलेली माणसे फार, अशी ही सेना. आपल्याकडच्या सरंजामी फौजेची कल्पना असणाऱ्याला तिचे बळ आणि तिची कीड दोन्ही लगेच समजतील. आणि या साऱ्यांच्या डोक्यावर राजाचा सासरा नॉर्थअँगरलँड, म्हणजे अलेक्झांडर पर्सी. तो पंतप्रधान, क्रांतिकारक, नास्तिक, वक्ता आणि फितूर. ब्रॅनवेलचा जीव या माणसावर जडला होता.

१८३५ च्या जुलैत शार्लट रो हेडच्या शाळेत शिक्षिका म्हणून गेली आणि राज्य ब्रॅनवेलच्या हाती आले. त्याने लगेच युद्ध लावले. व्हर्डोपोलिसच्या संसदेने अँग्रियाला संघातून काढले, पूर्वेकडून क्वाशियाचे असांते आणि फ्रेंच चालून आले, नॉर्थअँगरलँडने बंड करून प्रजासत्ताक पुकारले. १८३६ मध्ये एडवर्डस्टनच्या लढाईत झामोर्ना हरला आणि त्याला जहाजात घालून असेन्शन बेटाकडे हद्दपार केले. नेपोलियनच्या सेंट हेलेनाची छाया उघड आहे. शेकडो पाने पलटणींच्या हालचालींत गेली आहेत. खरे सांगायचे तर ती कंटाळवाणी आहेत. दारूगोळा, कूच, भाषणे, पुन्हा कूच. भाषणे तर इतकी लांब की शत्रूने तेवढ्यात किल्ला घेतला असता.

इकडे शार्लट शाळेत मुलींचे व्याकरण तपासत होती आणि घरून येणाऱ्या पत्रांतून आपल्याच राज्याचा विध्वंस वाचत होती. या काळातल्या तिच्या टिपणांत वर्गातला कंटाळा आणि अचानक डोळ्यांपुढे उभा राहणारा झामोर्ना शेजारी शेजारी आहेत. तिला लढाईत रस नव्हता. लढाई घरात काय करते यात होता. दगा दिलात तर तुमच्या मुलीला टाकीन, असे झामोर्नाने सासऱ्याला बजावले होते. सासऱ्याने दगा दिला. मग त्या मुलीचे, मेरी पर्सीचे, काय? ब्रॅनवेलने १८३६ मध्ये तिला झुरवून मारून टाकले. राजकारणाच्या दृष्टीने हिशेब चोख होता. शार्लटने वर्षअखेरीस झामोर्नाला परत आणले आणि मेरीलाही जिवंत केले. जिनांचा जुना अधिकार तिने बहुधा शेवटचाच वापरला, आणि या वेळी तो एका शिपायासाठी नव्हता, एका बायकोसाठी होता. त्या क्षणी अँग्रियाचा कारभार कुणाच्या हातात जाणार हे ठरले, असे मला वाटते. ब्रॅनवेलने १८३७ मध्ये एव्हशॅमची लढाई झामोर्नाला जिंकून दिली आणि गादीही. पण गोष्ट त्याच्या हातून गेली होती.

ब्रॅनवेल या काळात कॅप्टन हेन्री हेस्टिंग्ज या नावाने लिहीत होता. हेस्टिंग्ज म्हणजे अँग्रियाचा लाडका सैनिक-कवी, पलटणींना गाणी देणारा. १८३९ च्या सुरुवातीला शार्लटने भावाचे हे टोपणनाव उचलले आणि त्याच्यावर कादंबरिका लिहिली. तिच्यातला हेस्टिंग्ज दारूत बुडालेला आहे. त्याने वरिष्ठ अधिकाऱ्याला गोळी घातली आहे, तो फरार आहे. पकडल्यावर कोर्टमार्शल होते आणि साथीदारांची नावे फोडून तो फाशी चुकवतो. त्याला लपवणारी, त्याच्यासाठी याचना करणारी बहीण एलिझाबेथ ठेंगणी, साधी, गरीब आणि विलक्षण मानी आहे. भाऊ नालायक आहे हे तिला पुरते कळते आणि तरी ती त्याला सोडत नाही. सर विल्यम पर्सी हा लष्करी अधिकारी तिच्यावर प्रेम करतो आणि ठेवलेली बाई म्हणून राहण्याचा प्रस्ताव ठेवतो. ती नकार देते. प्रेम असूनही देते. ‘जेन एअर’ अजून आठ वर्षे दूर होती.

भावाच्या बाबतीत शार्लटने आधी लिहिले आणि मग ते घडले. १८४२ मध्ये हिशेबातल्या तुटीमुळे ब्रॅनवेलची रेल्वेची नोकरी गेली, १८४५ मध्ये शिकवणीची. त्याच्या पत्रांना ‘ब्लॅकवुड्स’च्या संपादकांनी कधी उत्तर दिले नव्हते. दारू आणि अफू उरली. १८४८ च्या सप्टेंबरात एकतिसाव्या वर्षी तो गेला. शार्लटने १८३९ च्या सुमारास अँग्रियाचा रीतसर निरोप घेतला होता. तो तळपता प्रदेश सोडून थोडा वेळ ढगाळ हवामानात राहावे, अशा अर्थाचे तिने लिहिले आहे. ब्रॅनवेल मात्र तिथून परतलाच नाही. अखेरपर्यंत छापायला दिलेल्या कवितांखाली तो ‘नॉर्थअँगरलँड’ अशी सही करीत असे.

एमिली आणि ॲन यांनी १८३१ च्या सुमारास फुटून उत्तर प्रशांत महासागरात ‘गोंडल’ हे आपले बेट वसवले होते. त्याची गद्य बखर सगळी हरवली, कविता राहिल्या. १८४५ च्या जूनमध्ये दोघी बहिणी यॉर्कला गेल्या. तेव्हा एमिली सत्ताविशीला टेकली होती, ॲन पंचवीस वर्षांची. प्रवासभर त्या गोंडलची पात्रे होऊन, विजयी प्रजासत्ताकवाद्यांनी रेटलेल्या राजनिष्ठांना जाऊन मिळण्यासाठी पळत होत्या, आणि एमिली त्या दिवसांत गोंडलच्या पहिल्या युद्धांवर ग्रंथ लिहीत होती, अशी तिचीच नोंद आहे. दोन वर्षांनी तिची एकुलती एक कादंबरी छापली गेली.

हस्तलिखितांचे हाल झाले. शार्लटचे पती निकल्स यांच्याकडून १८९५ मध्ये ती क्लेमंट शॉर्टरने नेली. मागे होता टॉमस वाइज, ग्रंथसंग्राहक म्हणून मिरवणारा आणि पुढे बनावट आवृत्त्यांमुळे बदनाम झालेला. त्याने ती सुटी करून विकली, काही तर पानापानाने. टेक्ससच्या फॅनी रॅचफर्डने १९४१ मध्ये तुकडे जुळवून या राज्याची पहिली सलग ओळख करून दिली. २०१९ मध्ये पॅरिसच्या लिलावात ‘यंग मेन्स मॅगझिन’चा १८३० चा एक अंक ब्राँटे सोसायटीने ६ लाख युरोंच्या बोलीला घेतला आणि आता संग्रहालय झालेल्या हॉवर्थच्या त्याच घरात परत आणला.

ज्यांना ‘जेन एअर’ पुन्हा वाचायची आहे त्यांनी आधी ‘हेन्री हेस्टिंग्ज’ वाचावी. ब्रॅनवेलच्या लढाया चाळल्या तरी चालतील. त्याचा नकाशा मात्र जवळ ठेवावा, नाहीतर कोण कुणावर चालून जातो आहे हे कळत नाही.