दहा मायक्रोसेकंदांत बिडाची परीक्षा

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या फाउंड्रीत जुना कारागीर कास्टिंगवर हातोडीचा हलका ठोका मारतो आणि आवाजावरून माल ओळखतो. खणखणीत वाजले तर एसजी आयर्न. बद्द वाजले तर साधे बीड, नाहीतर आत तडा. कुंभाराकडून मडके वाजवून घ्यावे, तशीच ही पारख.

हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, पाण्यात सुमारे 1480, पोलादात जवळपास 5900. पोलाद हवेपेक्षा हजारो पट जड, तरी त्यात ध्वनी 17 पट वेगाने धावतो. घनतेने वेग कमी होतो हे खरे. पण पदार्थ जितका ताठ, तितका धक्का एका कणाकडून दुसऱ्याकडे लवकर पोचतो. पोलादात हा ताठरपणा घनतेला पुरून उरतो.

बिडात मधे ग्राफाइट येतो. साध्या बिडात त्याचे पातळ पापुद्रे असतात. ते लहरींना अडवतात, वेग साधारण 4500 मीटरवर येतो आणि कंप आतच मुरतो. ओतण्याआधी रसात मॅग्नेशियम मिसळले, की ग्राफाइटचे गोळे बनतात आणि वेग 5500 च्या पुढे जातो; हेच एसजी आयर्न. हा शोध 1943 मध्ये अमेरिकेत कीथ मिलिस यांनी लावला.

अडचण अशी, की मॅग्नेशियम रसातून झपाट्याने उडून जाते. ओतायला उशीर झाला तर गोळे नीट बनत नाहीत, कास्टिंग मात्र वरून तसेच दिसते. गाडीच्या स्टीअरिंग नकलमध्ये असा माल गेला, तर तो वाकण्याऐवजी तुटू शकतो. किती गोळे बिघडले, हे हातोडी सांगू शकत नाही.

तिथे अल्ट्रासॉनिक प्रोब लागतो. कास्टिंगवर आधी तेल किंवा ग्रीस लावतात, कारण हवेची बारीक फट राहिली तरी जवळपास सगळा ध्वनी मागे फिरतो. मग सेकंदाला वीस ते पन्नास लाख कंपनांची लहर आत सोडतात. जाडी 28 मिलिमीटर असेल, तर चांगल्या एसजी आयर्नमध्ये ती पलीकडच्या पृष्ठभागावर आपटून 10 मायक्रोसेकंदांत परतते. साध्या बिडात सुमारे साडेबारा लागतात. त्या अडीच मायक्रोसेकंदांच्या पट्ट्यात प्रतिध्वनी कुठे पडतो, त्यावरून माल पास की रिजेक्ट हे ठरते.

साधे बीड मात्र टाकाऊ नव्हे. लेथचा बेड आणि ब्रेक ड्रम आजही त्याचेच ओततात. तिथे पापुद्रे कंप मुरवतात, त्यामुळे लेथवर कापलेल्या जॉबवर चॅटरच्या खुणा कमी उमटतात.