कासवाला त्रिकोण काढायला सांगा

शाळेत ‘कोडिंग’ म्हटलं की पालकांच्या डोळ्यांसमोर थेट नोकरी येते. ज्यांनी हे मुलांपर्यंत पहिल्यांदा नेलं, त्यांच्या मनात मात्र गणित होतं. 1967 मध्ये अमेरिकेत सीमोर पॅपर्ट आणि सहकाऱ्यांनी ‘लोगो’ ही मुलांसाठीची संगणकभाषा तयार केली. पुढे तिच्यात कासव आलं. आधी जमिनीवर फिरणारं यंत्र, मग पडद्यावरचं.

कासवाला आज्ञा द्यायची: 100 पावलं पुढे जा, 90 अंश उजवीकडे वळ. हेच चारदा केलं की चौरस. आता समभुज त्रिकोण. त्याचा कोन 60 अंशांचा, हे पाठ असतं. म्हणून मूल तीनदा ‘60 वळ’ लिहितं आणि कासव भलतीकडेच जातं, आकृती उघडी राहते. सहा वेळा केलं तर चक्क षटकोन! कारण कासव वळतं ते बाहेरच्या कोनातून, म्हणजे त्रिकोणासाठी 120 अंशांनी वळायला हवं. फळ्यावर सांगून हे पटत नाही, स्वतः कासव होऊन वर्गात चाललं की पटतं. अशा वेळी शिक्षकांनी घाईने उत्तर सांगून टाकलं, तर तास वायाच गेला म्हणायचा.

2007 मध्ये एमआयटीतून आलेल्या ‘स्क्रॅच’मध्ये आज्ञा टाइप कराव्या लागत नाहीत, रंगीत ठोकळे जोडायचे. आपल्या 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कोडिंग सहावी ते आठवीच्या टप्प्यावर आहे. संगणककक्षाला कुलूप असेल, तर अंगणात खडूने चौकटी आखूनही सुरुवात होते: एकाने आज्ञा द्यायच्या, दुसऱ्याने त्या शब्दशः पाळायच्या.