इंग्रजी वाक्संप्रदायांतील शरीर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या निमित्ताने विदर्भातून येऊन येथेच स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि छत्तीसगढी व शाळेत इंग्रजी अशा चार भाषांत वावरतात. आणि त्यांना इंग्रजी वाक्संप्रदाय शिकविण्याचा प्रसंग आला की वडीलधाऱ्यांकडून एक ठाम सिद्धांत हटकून ऐकावयास मिळतो, तो असा की मनुष्याचे शरीर सर्वत्र सारखेच असल्यामुळे हाताला हात आणि पायाला पाय असा शब्दास शब्द ठेवीत गेले म्हणजे अर्थ आपोआप हाती येतो. हा सिद्धांत दिसावयास निर्दोष असला तरी फसवा आहे, आणि त्यामुळे होणारी भाषेची हानी मला चिंताजनक वाटते.

इंग्रजीत कोणाचा ‘लेग पुल’ करणे म्हणजे त्याची निरुपद्रवी थट्टा करणे, गमतीने काही खोटेच खरे म्हणून सांगणे. मराठीत मात्र पाय ओढणे म्हणजे वर चढू पाहणाऱ्यास मत्सराने खाली खेचणे होय. हिंदीतील ‘टाँग खींचना’ या प्रयोगास दोन्ही छटा असल्यामुळे भिलाईचे मूल इंग्रजीतून हिंदीत विनासायास उतरते आणि मराठीच्या उंबरठ्यावर ठेचकाळते. “आजोबा, मी नुसते तुमचे पाय ओढत होतो हो!” असे ते लाडाने म्हणते, आणि नातवाच्या तोंडी हे काय आले, या विचाराने आजोबांचा चेहरा उतरतो. पोटाचा मामलाही तसाच आहे. भूक लागली की हिंदीत पोटात उंदीर धावतात, मराठीत कावळे ओरडतात. इंग्रजीत पोटात फुलपाखरे उडतात ती मात्र परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या धास्तीने, आणि त्या धास्तीला आपल्याकडे पोटात गोळा येणे हा अव्वल दर्जाचा प्रयोग असताना अलीकडे फुलपाखरेच जशीच्या तशी उचलून आणली जातात.

दुसरा गैरसमज कारखान्यातील जाणत्या माणसांतही आढळतो. वाक्संप्रदायांत लहर चालते हे ते मान्य करतात. पण यंत्रविद्येच्या परिभाषेत अवयवांची नावे वस्तूच्या आकारावरूनच पडलेली असल्यामुळे ती तरी सर्व भाषांत एकच असली पाहिजेत, असा त्यांचा समज असतो. हा समज खोडून काढणारा दाखला शोधण्यासाठी भिलाईबाहेर पाऊल टाकावयास नको. येथील पोलाद कारखान्यासाठी 2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि पुढे येथूनच भारतीय रेल्वेला रूळ जाऊ लागले. असा एखादा रूळ आडवा कापून त्याचा छेद पाहिला, तर वर चाक ज्यावरून धावते तो जाड भाग, मध्ये उभी अरुंद पट्टी आणि खाली स्लीपरवर टेकून कमानदार क्लिपांनी जखडला जाणारा पसरट भाग असे तीन भाग स्पष्ट दिसतात. इंग्रजी अभियंता त्यांना अनुक्रमे डोके, जाळे आणि पाऊल म्हणतो. ज्या रशियन तज्ज्ञांनी हा कारखाना उभारण्यास साह्य केले त्यांच्या भाषेत तेच तीन भाग डोके, मान आणि तळवा या नावांनी ओळखले जातात. मीटरमागे 60 किलो वजनाचा तोच रूळ इंग्रजीत मानेवाचून उभा आहे आणि रशियनमध्ये त्याला मान आहे! झोतभट्टीचेही तसेच: इंग्रजीत तिला गळा आणि पोट आहे, तर त्या पोटाखालच्या निमुळत्या होत जाणाऱ्या भागाला रशियनमध्ये ‘खांदे’ या अर्थाचे नाव आहे. वस्तू समोर असते, शरीरही सर्वांचे सारखेच असते. पण त्यांतून काय उचलावयाचे याची निवड प्रत्येक भाषा आपल्या स्वभावाने करते.

तिसरा गैरसमज उत्पत्तीविषयीचा असून तो इंग्रजी भाषिकांनीच पसरविला आहे. ‘रूल ऑफ थंब’, म्हणजे आपल्याकडचा ठोकताळा, या प्रयोगाबद्दल असे सांगितले जाते की अंगठ्यापेक्षा जाड नसलेल्या काठीने पत्नीस मारण्याची मुभा जुन्या इंग्रजी कायद्याने पतीस दिली होती आणि त्या नियमावरून हा शब्द आला. असा कायदा इंग्लंडच्या दप्तरात कोठेही नाही. फ्रान्सिस बुलर नावाच्या न्यायाधीशाने तसे मत दिल्याची आवई 1782 साली उठली आणि जेम्स गिलरे या व्यंगचित्रकाराने त्याला ‘जज थंब’ ठरवून त्याची नालस्ती केली, हे खरे. परंतु त्या मताची नोंद उपलब्ध नाही, आणि मूळ प्रयोग तर त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधीपासून, सतराव्या शतकातील छापील ग्रंथांत, अनुभवाच्या अदमासाने केलेले काम या अर्थाने रूढ होता. स्त्रियांवरील अत्याचाराचा निषेध करण्यासाठी ही कथा पुढे आणली जाते; तो निषेध सर्वस्वी न्याय्य आहे, आणि म्हणूनच त्याला खोट्या पुराव्याचा आधार देऊ नये असे मला मनापासून वाटते. अंगठ्याचा खरा संबंध मापनाशी असावा, यात मराठी वाचकास नवल वाटण्याचे कारण नाही. बोट, वीत, हात, मूठ, ओंजळ ही आपली मापे शरीरातूनच आली, आणि शिवकालीन जमाबंदीतील जमीनमोजणीची काठी पाच हात आणि पाच मुठी लांबीची होती, अशा वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद क्षेत्राचा एक बिघा आणि 120 बिघ्यांचा एक चावर होई. हाताची ही मापे सरकारी कागदांत रुजू झालेली होती.

इंग्रजी वाक्संप्रदाय सगळे इंग्रजीच्याच मातीतले, हाही एक भ्रम आहे. थोडक्यात बचावणे या अर्थी ‘दातांच्या कातडीने’ निसटणे हा विचित्र प्रयोग 1560 च्या जिनिव्हा बायबलातून आला, आणि तो मूळ हिब्रूचे शब्दशः भाषांतर आहे. म्हणजे शब्दास शब्द ठेवण्याचा जो दोष आपण आपल्या मुलांच्या माथी मारतो तो एकेकाळी इंग्रजीनेही केला आणि पचविला. जिवापाड प्रिय व्यक्तीस ‘ॲपल ऑफ द आय’ म्हणतात, त्यातील सफरचंद हे खाण्याचे फळ नव्हे; जुन्या इंग्रजीत डोळ्याच्या मध्यभागी दिसणाऱ्या काळ्या वर्तुळालाच ते नाव होते. त्याच ठिकाणी हिब्रूने छोटा माणूस पाहिला, लॅटिनने व संस्कृतने लहान मुलगी, आणि मराठीने बाहुली. दुसऱ्याच्या डोळ्यात जवळून पाहणाऱ्यास स्वतःचे चिमुकले प्रतिबिंब दिसते, हा अनुभव एकमेकांपासून दूर असलेल्या या भाषांनी जवळजवळ एकाच रीतीने टिपला आहे. शरीर एक असल्याचा परिणाम भाषेत कोठे दिसत असेल तर तो अशा ठिकाणी दिसतो, आणि अशी ठिकाणे मोजकीच असतात.

राहता राहिली सामासिक विशेषणे. ‘कोल्ड-ब्लडेड’, ‘बिग-हेडेड’, ‘लेफ्ट-हँडेड’ यांच्या शेवटचा ‘एड’ हा भूतकाळाचा प्रत्यय समजून मुले क्रियापद शोधीत बसतात. तो प्रत्यय येथे नामास लागून ‘ते ज्याला आहे असा’ एवढाच अर्थ देतो. लंबोदर, चक्रपाणी, त्रिनेत्र हे शब्द ज्यांच्या नित्य परिचयाचे आहेत त्यांना हे शिकविण्यास व्याकरणाचे मोठे पुस्तक नको. हा बहुव्रीहीच आहे, आणि पाश्चात्य भाषाशास्त्रज्ञही अशा समासांना संस्कृतातून घेतलेल्या त्याच नावाने ओळखतात. मात्र विग्रह साधला तरी अर्थ वापरावरूनच ठरवावा लागतो, कारण ‘बिग-हेडेड’ मनुष्य बुद्धिमान नसून गर्विष्ठ असतो, आणि ‘थिक-स्किन्ड’ असणे इंग्रजीत प्रसंगी टीका सोसण्याचे सामर्थ्यही ठरते, जे गेंड्याच्या कातडीचा म्हटलेल्या मराठी माणसाच्या वाट्यास कधीच येत नाही.