मोंढ्यातल्या दुकानाचा पत्ता

भिंतीवरच्या इंटरनेटच्या पांढऱ्या डब्यावर हळद बसली होती. एप्रिलमध्ये हिंगोलीच्या मोंढ्यात ती कुठे बसत नाही? वह्यांवर, वजनकाट्यावर, पंख्याच्या पात्यांवर, हमालांच्या पापण्यांवरसुद्धा. फायबरवाल्या दादांनी खिशातलं फडकं काढून आधी डबा पुसला, मग मागची वायर सोडवून तिचं टोक मीटरला लावलं. मीटरवर उणे एकोणीस आलं.

"लाईन चांगली हाय," दादा म्हणाले. "शेटजी, नेट तर चालू हाय ना?"

"नेट चालू हाय रे. पण रात्री घरून गोदाम बघावं म्हणलं तर दिसंना. दिसलं तर चित्र अडकतंय. पोरगा पुण्याहून बघतो, त्याला तर निसतं गोल फिरताना दिसतंय."

दुकानामागच्या गोदामात हळदीची पोती छतापर्यंत रचलेली. त्यांच्यावर नजर ठेवायला आठ कॅमेरे आणि कोपऱ्यात एक रेकॉर्डर. नेट आहे, कॅमेरे आहेत, मोबाइल आहे आणि तरीही मालकाला स्वतःचा माल दिसत नाही. मी या दादांबरोबर चार दिवस फिरलो, हिंगोली शहरात आणि थोडं औंढ्याच्या रस्त्याला. दिल्लीत कागदावर ठरलेलं एक धोरण घराघरातल्या डब्यापर्यंत कसं पोचतं ते मला डोळ्यांनी बघायचं होतं. धोरण आहे इंटरनेटचे पत्ते बदलण्याचं. जुनी पद्धत आयपीव्ही ४, नवी आयपीव्ही ६. कामावरची माणसं 'व्ही-फोर' आणि 'व्ही-सिक्स' म्हणतात.

दादांनी लॅपटॉप उघडून डब्याचं आतलं पान काढलं. एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे आकडा होता १००.७२ ने सुरू होणारा.

"हे बघा. शंभर-चौसष्टपासून शंभर-एकशेसत्तावीसपर्यंत काहीबी दिसलं की समजायचं, गिऱ्हाईक वाड्याच्या आत हाय."

वाड्याची ही उपमा त्यांचीच, आणि मला अजून तिच्याहून चांगली सापडलेली नाही. एका वाड्यात चाळीस बिऱ्हाडं, पण रस्त्यावर दरवाजा एकच आणि त्यावर घरनंबरही एकच. आतला माणूस बाहेर गेला की दारावरचा देवडीवाला वहीत लिहून ठेवतो, अमक्या खोलीतला अमक्या कामाला गेला. उत्तर आलं की वही बघून ते त्या खोलीत पोचवतो. पण बाहेरचा कोणी आपणहून आला आणि "हळदवाल्या शेटजींकडे जायचंय" म्हणाला, तर देवडीवाल्याच्या वहीत त्याची नोंदच नसते. तो त्याला परत पाठवतो. शेटजींचा मोबाइल रात्री घरून गोदामाकडे निघतो तेव्हा नेमकं हेच होतं. मग कॅमेऱ्याच्या कंपन्यांनी वाट काढली ती अशी की रेकॉर्डरने कंपनीच्या दूरच्या सर्व्हरशी सतत बोलत राहायचं आणि मोबाइलनेही त्याच सर्व्हरशी बोलायचं. हिंगोलीच्या मोंढ्यातलं चित्र हिंगोलीतल्याच घरी जाण्याआधी कुठल्यातरी परमुलखातल्या यंत्रातून फिरून येतं. ते अडकतं यात नवल नाही. मला त्याहून जास्त टोचतं ते हे, की आपल्या गोदामाचं चित्र कुणाकुणाच्या हातातून जातं ते शेटजींना कोणी सांगितलेलंच नाही.

वाडे बांधावे लागले कारण घरनंबरच संपले. व्ही-फोरचे एकूण पत्ते ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. जगातल्या माणसांपेक्षाही कमी. जागतिक साठ्यातला शेवटचा मोठा गठ्ठा ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून झाला आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिक विभागही आपल्या अखेरच्या गठ्ठ्यावर आला. तेव्हापासून आपल्याकडे रेशन आहे. २०१९ पासून या विभागात नव्या सभासदाला फार तर ५१२ पत्ते मिळतात. हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ११ लाख ७७ हजार होती. जिल्ह्याच्या गावी छोटी इंटरनेट कंपनी काढणाऱ्याने ५१२ पत्ते घेऊन काय करावं? वाडा बांधावा, दुसरं काय. अमेरिकेतल्या काही विद्यापीठांना आणि कंपन्यांना ऐंशीच्या दशकात दीड-दीड कोटीहून जास्त पत्ते एकगठ्ठा मिळाले होते. आपण उशिरा आलो, एवढाच आपला दोष.

पत्ता या गोष्टीचं हिंगोलीकराला वेगळं महत्त्व आहे. १ मे १९९९ ला परभणीतून हा जिल्हा वेगळा झाला आणि पाकिटांवर 'जि. परभणी' खोडून 'जि. हिंगोली' लिहायला माणसं शिकली. पिनकोड मात्र तोच राहिला, ४३१५१३. तो पिनकोड देशाला देणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते, संस्कृतचे पंडित, आणि ती पद्धत सुरू झाली १५ ऑगस्ट १९७२ ला. त्यातली युक्ती साधी आणि खोल आहे. पहिल्या ४ वरून पत्र देशाच्या कुठल्या भागात जायचं ते कळतं, ४३१ वरून मराठवाड्याची दिशा मिळते, शेवटच्या तीन आकड्यांवर टपाल कचेरी ठरते. मुंबईत पत्र निवडणाऱ्याला हिंगोलीची गल्ली माहीत असायची गरज नाही. व्ही-सिक्सचा पत्ता याच वळणाचा आहे. डावीकडचे आकडे कंपनी सांगतात, मधले गिऱ्हाईक, उजवीकडचे घरातली एकेक वस्तू. मोबाइलवर पाहाल तर जिओचा पत्ता २४०९ ने सुरू होतो, एअरटेलचा २४०१ ने.

आणि संख्या? एका घराला जो सगळ्यात लहान तुकडा देतात त्यात १८४४६७४४०७३७०९५५१६१६ पत्ते असतात. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं करत राजाचं कोठार रिकामं करणारी गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. त्या चौसष्ट घरांतल्या सगळ्या दाण्यांची बेरीज याच्याहून फक्त एकाने कमी भरते. मोंढ्यातल्या एका दुकानाला एवढे पत्ते. इथे रेशनकार्डच लागत नाही.

शेटजींना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मला एकच पाहिजे."

दादांचं त्या दिवसाचं खरं काम आता सुरू झालं. डब्याच्या पानावर जोडणीचा प्रकार निवडायची जागा असते. तिथे व्ही-फोर होतं, ते त्यांनी 'दोन्ही' केलं. डबा बंद-चालू केला. दोन मिनिटं कोणी बोललं नाही. हिरवे दिवे एकामागून एक लागत गेले. पान पुन्हा उघडलं तर व्ही-सिक्सची ओळ रिकामीच. दादांनी त्यांच्या कंट्रोल रूमला फोन लावला. तिकडच्या पोराने या गिऱ्हाइकाला नवा पत्ता वाटायची परवानगीच दिलेली नव्हती. परवानगी मिळाली, पुन्हा डबा फिरवला, आणि ओळ भरली. दोन-दोन ठिपक्यांनी तोडलेले आठ गट, आकडे आणि ए ते एफ अक्षरं मिसळलेले. दादांनी आणखी एक मागणी केली, की या दुकानाला दिलेला तुकडा रोज बदलायचा नाही, कायमचा बांधून द्यायचा. व्ही-फोरमध्ये असा स्वतंत्र कायम पत्ता मागितला तर वर्षाला वेगळे पैसे पडतात. इथे पडले नाहीत.

मग आला धोक्याचा भाग, आणि तो मी मुद्दाम जवळ बसून पाहिला. वाड्याचा एक फायदा होता. बाहेरचा चोर सरळ खोलीपर्यंत येत नव्हता. आता प्रत्येक वस्तूला रस्त्यावर स्वतःचं दार मिळालं. डब्यातली फायरवॉल बंद राहिली तर रेकॉर्डर, बिल काढायचा संगणक, वजनकाट्याला जोडलेलं यंत्र, सगळं उघड्यावर. दादांनी आधी फायरवॉल चालू असल्याची खात्री केली, मग एकट्या रेकॉर्डरसाठी एक फट उघडली. रेकॉर्डरचा पासवर्ड अजून कारखान्यातून आला तसाच होता. तो त्यांनी शेटजींकडून त्यांच्यासमोर बदलून घेतला आणि स्वतः पाठ फिरवून उभे राहिले. "आम्हाला दाखवू नका," म्हणाले. हे त्यांना कोणी प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

कागदावरची तारीख आणि हा डबा यांच्यात किती वर्षं गेली ते बघण्यासारखं आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, या बदलाबद्दल शिफारशी दिल्या त्या जानेवारी २००६ मध्ये. दूरसंचार विभागाचा पहिला राष्ट्रीय आराखडा जुलै २०१० चा, दुसरा मार्च २०१३ चा. दुसऱ्यात लिहिलं होतं की ३० जून २०१४ पासून तारेने दिलेली प्रत्येक नवी घरगुती जोडणी व्ही-सिक्स वाहू शकणारी हवी, आणि सरकारी कार्यालयांनी डिसेंबर २०१७ पर्यंत बदल पुरा करावा. तारखा सरकल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये नव्या ठरल्या: सरकारी कार्यालयांना ३० जून २०२२, तारेच्या नव्या जोडण्यांना आणि घरोघरचे जुने डबे बदलायला ३१ डिसेंबर २०२२. मोबाइलचं मात्र तारखांवर अडलं नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली ती नव्या पत्त्यांवरच. कोट्यवधी गिऱ्हाइकांना पुरतील एवढे जुने पत्ते मिळणारच नव्हते. आज या बाबतीत भारत जगात पुढच्या रांगेत आहे तो खेड्यापाड्यातल्या मोबाइलमुळे. हळद उकळणाऱ्या शेतमजुराच्या हातातल्या फोनला स्वतःचा पत्ता आहे आणि पक्क्या दुकानातल्या फायबरला नाही, हे चित्र मी चार दिवसांत वीसेक ठिकाणी पाहिलं.

कारण डब्यात आहे. दादांच्या गाडीच्या डिकीत तीन जातींचे डबे होते. एकात व्ही-सिक्सची सोय पक्की. दुसऱ्यात सोय आहे, पण आतलं सॉफ्टवेअर चढवावं लागतं. तिसरा स्वस्त, जुन्या साठ्यातला, त्यात काहीच नाही. हा तिसरा शेकडो घरांत बसलेला आहे आणि तो बदलायचा खर्च कोणी करायचा हे आदेशात लिहून भागत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, माझं नेट चालू आहे, मी का पैसे देऊ? छोटा कंपनीवाला म्हणतो, एका घरामागे हजार-बाराशे मी कुठून आणू? दोघांचंही खरं आहे. माझं मत विचाराल तर धोरणात तारखेच्या शेजारी डब्यासाठी रकमेचा आकडा हवा होता. देशात गावोगाव ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्यावर सरकारने हजारो कोटी घातले. शेवटच्या फुटातल्या डब्याचा विचारही त्याच हिशेबात व्हायला हवा.

वाडा सोसावा लागतो म्हणजे काय, ते तिसऱ्या दिवशी एका सेवा केंद्रात दिसलं. फॉर्म भरायची शेवटची तारीख. बाकड्यांवर कॉलेजची पोरं, दाराबाहेर चपलांचा ढीग, केंद्र चालवणाऱ्या ताई दोन संगणक एकाच वेळी हाताळत होत्या. दुपारी बाराच्या सुमारास संकेतस्थळाने कळवलं की तुमच्या पत्त्यावरून फार विनंत्या आल्या आहेत, थोड्या वेळाने या. ताईंनी तासाभरात अकरा फॉर्म भरले होते. पण त्यांच्या पत्त्यावर, म्हणजे वाड्याच्या एकाच घरनंबरावर, शहरातली आणखी कितीतरी घरं आणि दुकानं बसलेली. पलीकडच्या यंत्राला एवढंच दिसलं की एकच माणूस शेकडो वेळा दार ठोठावतोय. त्याने दार लावून घेतलं. ताईंनी स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावला आणि त्यावर उरलेले फॉर्म भरले. एक मुलगी सेनगाव तालुक्यातून एसटीने आली होती. तिचा फॉर्म साडेचारला गेला आणि शेवटची बस गाठायला ती पळतच निघाली.

पोलिसांचंही तसंच. एखाद्या पत्त्यावरून ऑनलाइन फसवणूक झाली तर ते कंपनीला विचारतात, हा पत्ता अमक्या वेळी कोणाकडे होता? वाड्यातल्या पत्त्याला उत्तर एक नसतं. सेकंदापर्यंत वेळ आणि सोबत पोर्ट क्रमांक असल्याशिवाय माणूस ठरत नाही, आणि तो क्रमांक पुष्कळदा तक्रारीत नसतोच. सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या, म्हणजे सर्ट-इनच्या, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात. देवडीवाल्याची वही किती जाड होते ते कंट्रोल रूममध्ये दिसलं. डिस्क भरत आल्याचा लाल इशारा पडद्यावर कायमच होता. घराला स्वतःचा पत्ता असला की त्या घराची नोंद एका ओळीत मावते, आणि शेजाऱ्याच्या गुन्ह्यासाठी भलत्याच माणसाला चौकीत बसावं लागत नाही.

मोंढ्यात परत येऊ. फट उघडली, पासवर्ड बदलला. शेटजींनी दुकानाचं वायफाय बंद करून मोबाइलच्या डेटावर अ‍ॅप उघडलं. आठ चौकोन एकदम आले. सहाव्या चौकोनात दोन हमाल पोती उतरवत होते आणि एकाने पोत्याला टेकून तंबाखू मळायला घेतली तीसुद्धा अडखळल्याशिवाय दिसली. शेटजी उठून मागच्या दारात गेले, तो हमाल खरोखर तिथे आहे का ते बघून आले.

मग पुण्याला फोन. मुलाला दिसेना. तो ऑफिसात होता आणि ऑफिसचं वायफाय अजून व्ही-फोरवरच. रस्ता दोन्ही टोकांना नवा लागतो. दादा म्हणाले, "दादा, वायफाय बंद करून मोबाइलच्या नेटवर बघा." पलीकडे क्षणभर शांतता.

"दिसलं, बाबा. पंखा चालू राह्यलाय मागच्या खोलीतला."

शेटजींनी नोकराला पंखा बंद करायला पाठवलं. दादांनी खिशातून वही काढली, दुकानापुढे बरोबरची खूण केली आणि पान उलटलं. पुढचं नाव नर्सी नामदेवच्या रस्त्यावरच्या एका दवाखान्याचं होतं. तिथे तिसऱ्या जातीचा डबा होता. तो बदलावा लागणार होता, म्हणून आधी त्यांनी मालकाला फोन लावला आणि डब्याच्या पैशांचं बोलणं सुरू केलं.