विजय हजारे यांचा प्रलंबित निवाडा

रायगड जिल्ह्यातील, आणि जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही कुलाब्यातील, गागोदे बुद्रुक हे गाव ज्यांच्या जन्मामुळे महाराष्ट्रास ठाऊक झाले, त्या विनोबांना भारतरत्न ही पदवी १९८३ साली, म्हणजे त्यांनी देह ठेवल्यानंतर, देण्यात आली. ज्यांनी स्वतःची प्रमाणपत्रे तरुणपणीच अग्नीच्या स्वाधीन केली होती, त्यांना या विलंबाचे सुखदुःख असण्याचे कारण नव्हते. खेळाडूची गोष्ट निराळी. चाळिशी उलटण्याच्या आतच त्याचे कर्तृत्व दप्तरात जमा होते, आणि ते दप्तर कोणी व कोणत्या मापाने तपासावे, हा वाद तेवढा पुढे चालू राहतो.

या तपासणीची रीत सर्वांत काटेकोर कोठे असेल, तर ती आपल्याकडे फारशा कोणी न पाहिलेल्या खेळात, बर्फावरील हॉकीत. टोरांटो येथील त्या खेळाच्या कीर्तिदालनात प्रवेश मिळण्यासाठी निवृत्तीनंतर तीन वर्षांची मुदत जावी लागते, आणि अठरा सदस्यांच्या निवड समितीत तीन चतुर्थांश, म्हणजे चौदा, मते पडावी लागतात. वेन ग्रेट्झकी यांना १९९९ साली ही मुदत माफ झाली; उलट पॉल हेंडरसन, ज्यांनी १९७२ साली मॉस्कोत सोविएत संघाविरुद्धच्या मालिकेतील अखेरच्या सामन्यात अवघे चौतीस सेकंद उरले असता निर्णायक गोल केला आणि साऱ्या कॅनडास वेड लावले, त्यांना अजून तो उंबरठा ओलांडता आलेला नाही. एका दिव्य क्षणापेक्षा समग्र कारकीर्द मोठी, असा त्या दरबाराचा दंडक दिसतो. तो मला मान्य आहे. पण ज्याची कारकीर्दच काळाने कापून नेली, त्याचे काय?

क्रिकेटचे आंतरराष्ट्रीय कीर्तिदालन २००९ साली स्थापन झाले, आणि गावसकर, बेदी व कपिलदेव यांची नावे त्यात आरंभापासून आहेत. तेंडुलकरांची निवड २०१९ साली झाली. तिच्यावर चर्चा करणे म्हणजे सूर्यास दाखला मागण्यासारखे. लॉर्ड्सवर तीन शतके ठोकणाऱ्या वेंगसरकरांचा दावाही विचारार्ह आहे. परंतु माझ्या मते सर्वांत जुनी बाकी सांगलीच्या विजय हजाऱ्यांची आहे.

गागोद्याचे विनोबा बालपणी बडोद्यास गेले, आणि सांगलीचे हजारेही पुढे बडोद्याचेच झाले. त्या संस्थानाने मराठी मुलुखातील किती गुण आपल्याकडे ओढून घेतले, याचा हिशेब कोणी तरी मांडावा. हजाऱ्यांचा जन्म १९१५ चा. भारत १९३६ नंतर थेट १९४६ साली कसोटी खेळला, म्हणजे फलंदाजाच्या बहराची दहा वर्षे कसोटीविना गेली, त्यांतली बरीच महायुद्धाने गिळली, आणि हजाऱ्यांनी पहिल्या कसोटीत पाऊल ठेवले ते एकतिसाव्या वर्षी. त्यानंतर ३० सामने, २१९२ धावा, ४७.६५ ची सरासरी आणि सात शतके, एवढीच त्यांची कसोटीतील शिदोरी. आजच्या आकड्यांच्या बाजारात ती किरकोळ भासेल. परंतु १९४८ च्या जानेवारीत ॲडलेडला, लिंडवॉल आणि मिलर यांचा मारा ऐन भरात असता, ब्रॅडमनच्या संघापुढे एकाच सामन्यात ११६ आणि १४५ धावा काढणारा हा पहिला भारतीय. सामना आपण डावाने हरलो, ही गोष्ट त्या दोन शतकांचे मोल वाढवते, कमी करीत नाही. १९५२ साली मद्रासला इंग्लंडवर भारताने पहिलावहिला कसोटी विजय मिळवला तेव्हा कर्णधार तेच होते. आणि कसोटीबाहेर? १९४३ च्या पंचरंगी सामन्यात, धर्मवार संघांत न बसणाऱ्यांच्या ‘रेस्ट’ संघाने केलेल्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. याला काय म्हणावे!

तेव्हा मोजमाप निव्वळ बेरजेचे नसावे, मिळालेल्या संधीच्या प्रमाणात असावे. हे तत्त्व त्या दालनाला अपरिचितही नाही. २०२१ साली निरनिराळ्या कालखंडांतून दोघे दोघे असे दहा खेळाडू घेण्यात आले, आणि महायुद्धोत्तर काळाच्या वाट्यात विनू मांकड यांना प्रवेश मिळाला. मद्रासच्या त्या विजयात बारा बळी घेणाऱ्या मांकडांचा मान निर्विवादच. पण त्यांच्याच कर्णधारास बाहेर ठेवण्यास सबळ कारण मला सापडत नाही.

याहून बिकट प्रकरण पालवणकर बाळू यांचे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणारा हा डावखुरा फिरकी गोलंदाज, जातीच्या अपमानातून वर आलेला. भारत पहिली कसोटी १९३२ साली खेळला तेव्हा त्याचे दिवस सरले होते. कसोटीचे खातेच नसलेल्या या माणसासाठी स्वतंत्र वर्गवारी काढावी लागेल, आणि ती काढावीच. हजाऱ्यांसाठी मात्र नवा नियम नको. मांकडांना ज्या दाराने आत घेतले, तेच दार पुरेसे आहे.

हजारे १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यास वारले. २०२५ साली त्या दालनात सात नवी नावे लागली. त्यांत धोनी होते, हजारे नव्हते.