खाणीची माती आणि नदीची मासळी

गोव्यातल्या लोहखनिजाचा हिशेब टनांत मांडला जातो. २०१०-११ च्या सुमारास वर्षाला ५ कोटी टनांच्या आसपास खनिज परदेशी जात होते, हे सगळे जाणतात. मात्र एक टन खनिज हाती लागण्यासाठी दोन ते तीन टन माती उपसावी लागते, याची चर्चा क्वचितच होते. ही माती कोणी विकत घेत नाही. म्हणून ती डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत डोंगरासारखी रचली जाते, आणि गोव्याच्या पावसात सुटी माती जागेवर राहणे शक्य नाही. ओहोळांतून ती खांडेपार, कुशावतीसारख्या उपनद्यांत जाते आणि पुढे मांडवी-जुवारीच्या तळाशी बसते. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८६ मध्येच या गाळाचे परिणाम मोजून प्रसिद्ध केले होते. खाणींच्या गाळाने तिसऱ्यांचे उत्पादन ७० टक्क्यांहून अधिक घटले होते आणि तळाचे मूळचे जीव जवळजवळ नाहीसे झाले होते. तेव्हाची खाणकामाची व्याप्ती पुढच्या तेजीच्या मानाने बरीच लहान होती.

असे का होते, हे समजणे अवघड नाही. तिसऱ्या, खुबे पाणी गाळून त्यातले अन्न खातात. पाण्यात बारीक माती वाढली की त्यांचे पोट भरेनासे होते आणि वरून थर बसला की ते गुदमरतात. गढूळ पाण्यात ऊन खोल पोचत नाही, शेवाळ वाढत नाही आणि त्यावर जगणाऱ्या शेवट्यासारख्या माशांची उपासमार होते. माशांच्या कल्ल्यांत माती अडकते, अंड्यांवर गाळ साचतो. बऱ्याच माशांच्या विणीचा हंगाम पावसाळ्यात असतो, आणि माती सर्वांत जास्त वाहून येते तीही तेव्हाच.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: कोकणपट्टीतल्या नद्या पावसाळ्यात पूर्वीपासून तांबड्याच वाहतात. खरे आहे. पण झाडीने धरून ठेवलेल्या उतारावरून येणारी माती आणि उघड्या ढिगाऱ्यावरून येणारी माती यांच्या प्रमाणाची बरोबरी होऊ शकत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मासळी बेसुमार पकडीने, सांडपाण्याने, रेतीउपशानेही घटते, मग दोष एकट्या खाणीला का? या कारणांचा वाटा मी नाकारत नाही. पण १९८६ च्या पाहणीत तळातले जे जीव संपत आलेले दिसले, त्यांत कोणी कधी न पकडलेले, बाजारात न येणारे जीवही होते. त्यांची घट मासेमारीने कशी होईल? राहिला रोजगाराचा प्रश्न. २०१२ आणि २०१८ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा ट्रकवाल्यांचे, बार्जवाल्यांचे, कामगारांचे हाल झाले, ते खोटे नव्हते. मात्र ओहोटीला नदीत उतरून तिसऱ्या काढणाऱ्या बायकांचेही ते पोटच होते, आणि त्यांचा धंदा बुडाला तेव्हा कुठले पॅकेज जाहीर झाले नाही. शिवाय खनिज एकदाच निघते. नदी धड राहिली तर मासळी दरवर्षी मिळते.

प्रदूषण करणाऱ्याने भरपाई करावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच मान्य केले आहे. २१ एप्रिल २०१४ च्या गोव्याबाबतच्या निकालाने भाडेपट्ट्याच्या हद्दीबाहेर ढिगारे टाकायला मनाई केली, वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीतला १० टक्के वाटा कायम निधीसाठी ठेवायला सांगितले. एवढे होऊनही मर्यादा घातली गेली ती खनिजावर. नदीत किती माती उतरली यावर नाही. लिलाव होऊन खाणी पुन्हा सुरू होत असताना ही उणीव भरून काढायला हवी. प्रत्येक परवान्यात खालच्या नदीच्या तळाची पाहणी पावसाळ्याआधी आणि नंतर सक्तीची करावी. खर्च खाणमालकाचा असावा, पण मोजणी त्याच्या ताब्यात नसलेल्या संस्थेने करावी आणि आकडे नदीकाठच्या पंचायतींत लावावेत. तिसऱ्या घटल्या, तर त्या आपल्या मातीने घटल्या नाहीत हे खाणमालकाने सिद्ध करावे. आज ते ओझे मासळीवर जगणाऱ्यांच्या माथी आहे, आणि त्यांच्याकडे ना प्रयोगशाळा आहे, ना वकील.